हिरडीतून येणारे रक्त

दिग्रससारख्या गावात दात ठणकला की माणूस दवाखाना गाठतो, पण हिरडीतून रक्त आले तर मिठाच्या पाण्याची चूळ भरून विसरून जातो. माझ्या मते रक्ताकडे आधी पाहायला हवे. दात जबड्याच्या हाडात रुतलेला असतो आणि ते हाड झिजताना बहुधा दुखत नाही. हिरडीच्या कडेला जंतूंचा थर साचला की आधी फक्त हिरडी सुजते. डेन्मार्कमध्ये दंतसंशोधक हाराल्ड लो यांनी १२ जणांना दात घासणे थांबवायला लावले होते. तीन आठवड्यांत साऱ्यांच्या हिरड्या सुजल्या आणि घासणे सुरू केल्यावर पूर्ववत झाल्या. हा प्रयोग १९६५ साली प्रसिद्ध झाला. इथवर सारे भरून येते. सूज टिकली तर मात्र अनेकांच्या बाबतीत ती खोलवर उतरते. जंतू स्वतः हाड खात नाहीत. त्यांच्याशी झुंजणारे आपले शरीरच हाड विरघळवणाऱ्या पेशींना चालना देते. दाताभोवती ब्रश पोहोचणार नाही इतकी खोल फट पडते, आणि गेलेले हाड आपोआप परतत नाही.

‘आजोबांनी कधी ब्रश धरला नाही, तरी दात शाबूत होते,’ असे म्हणणारे खोटे बोलत नाहीत. श्रीलंकेतल्या चहामळ्यांतील ४८० मजुरांची पाहणी लो यांनीच केली. दातांची निगा नसतानाही सुमारे ११ टक्क्यांचा आजार हिरडीच्या सुजेपुढे गेला नाही. ८ टक्क्यांचा मात्र झपाट्याने वाढला. आपण कोणत्या गटात, हे आधी कळत नाही. ‘सफाईने दात हलतात’ हा समजही असाच. हाड आधीच गेलेले असते. दातांना जखडून ठेवणारे कीटण निघाले की हलणे जाणवते, एवढेच. ‘मला रक्त येतच नाही’ यावरही बिडी ओढणाऱ्याने विसंबू नये, कारण धुरामुळे रक्तस्राव दबतो. तंबाखूचा खर्रा जिथे दाबून धरतात, तिथली हिरडी दातापासून सुटत जाते.

म्हणून दोन वेळा मऊ ब्रश फिरवा, दातांच्या फटी साफ करा, खर्रा आणि मिश्री सोडा. मधुमेह असेल तर हिरड्या आवर्जून तपासून घ्या. नीट घासूनही दोन आठवडे रक्त येत राहिले, तर दात हलण्याची वाट न पाहता दंतवैद्याकडे जा आणि हाडाचा एक्स-रे काढायचा का, हे त्यांना विचारा.