सेकंडहँड कॅटामरान आणि आपलं फ्ल्युइड मेकॅनिक्स

हातकणंगल्यापासून समुद्र दीडेकशे किलोमीटर लांब, मध्ये आंबा घाट. मग या अंकात कॅटामरानवर लेख कशाला, असं तुम्ही विचारणारच. त्याचं असं झालं, माझा मावसभाऊ मर्चंट नेव्हीत आहे. त्याने आणि त्याच्या दोन मित्रांनी मिळून एक जुनी, चाळीस फुटी, 'सर्व सोयींनी सुसज्ज' शिडाची कॅटामरान घ्यायचं मनात आणलं आणि जाहिरात मला पाठवली. "इंजिनिअर होणार ना तू? मग वाच आणि सांग." तीन घरांची बचत त्यात जाणार होती, त्यामुळे जाहिरात मी जर्नलपेक्षा जास्त मन लावून वाचली. त्यातलं जे आपल्या सिलॅबसला चिकटलेलं आहे तेवढं इथे मांडतो.

आधी नाव. शब्द मूळ तमिळ, 'कट्टुमरम', म्हणजे बांधलेली लाकडं. तो खरं तर ओंडक्यांचा तराफा. आज आपण ज्याला कॅटामरान म्हणतो ती दोन हलची, म्हणजे पाण्यात बसणाऱ्या दोन अरुंद अंगांची बोट. असल्या जोडहोड्या पॅसिफिकमधल्या पॉलिनेशियन लोकांनी फार पूर्वीपासून वापरल्या. मुंबईला गेटवेवरून मांडव्याला जाताना ज्या कॅटामरानमध्ये बसतो ती याच कुळातली, फक्त इंजिनावर पळणारी.

आता गणित. मेटासेंट्रिक हाइटचं प्रॅक्टिकल सगळ्यांनी केलंय (किंवा रीडिंग तरी उतरवून घेतलंय). जीएम म्हणजे बीएम वजा बीजी, आणि बीएम म्हणजे आय भागिले व्ही. आय हा पाण्याच्या पातळीवरच्या आकाराचा सेकंड मोमेंट, व्ही म्हणजे बाजूला सारलेलं पाणी. जीएम धन तर बोट सरळ होते, ऋण तर कलंडते.

एक साधी चौकोनी नाव घ्या. लांबी ६ मीटर, रुंदी १.५ मीटर, स्वतःचं वजन ९०० किलो. त्यात ६० किलोची ३० माणसं बसवली की एकूण २७०० किलो, म्हणजे नदीच्या पाण्यात २.७ घनमीटर, आणि नाव ०.३ मीटर बुडते. आय येतो १.६९, बीएम ०.६२५ मीटर. माणसं खाली बसलेली असताना सगळ्यांचा मिळून गुरुत्वमध्य तळापासून ०.५७ मीटरवर धरला, तर बीजी ०.४२ आणि जीएम साधारण ०.२ मीटर. ठीक आहे. आता तीच माणसं घाबरून उभी राहिली. गुरुत्वमध्य ०.८७ वर गेला, बीजी ०.७२ झाला आणि जीएम शून्याच्या खाली. वजन एक किलोनेही वाढलं नाही, लाट नाही, वारा नाही, तरी नाव कलंडणार.

हे आकडे मी हातानेच धरलेले आहेत, पण ते मांडताना पेन जरा थांबलं. ८ ऑगस्ट २०१९ रोजी शेजारच्या सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला पुरातून माणसं बाहेर काढणारी बोट उलटली आणि बरेच जीव गेले. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त लोक होते असं तेव्हा सगळीकडे छापून आलं होतं. २००५, २०१९, २०२१ असे तीन मोठे पूर आपल्या पंचगंगाकाठाने पाहिलेत. तेव्हा हा प्रश्न नुसता व्हायवाचा नाही.

आता तीच नाव उभी चिरा. ०.७५ मीटर रुंदीचे दोन हल, दोघांच्या मध्यरेषांत ३ मीटर अंतर. वजन तेच, बुडालेला भाग तेवढाच. पण पॅरलल अ‍ॅक्सिस थिअरम लावला की आय १.६९ वरून २०.७ वर जातो आणि बीएम ७.७ मीटर होतो. बारा पट! फर्स्ट इयरला ज्या थिअरमला आपण सगळ्यांनी शिव्या दिल्या तोच इथे तीस माणसं उभी राहिली तरी बोट सरळ ठेवतो.

याच हिशेबात आपली गुऱ्हाळाची काहीलही बसते. पुरात लोक काहिलीतून पलीकडे जातात याचं बाहेरच्यांना आश्चर्य वाटतं. पाण्यालगत व्यास २.२ मीटर आणि चार माणसांसकट वजन ५०० किलो धरलं तर बीएम २.३ मीटर येतो. म्हणजे काहील सहसा उलटत नाही. तिचा धोका वेगळा: काठ बुटका, एका बाजूला सगळे सरकले की पाणी आत.

मग कॅटामरान सगळ्यात सुरक्षित? इथेच जाहिरात गप्प बसते. जीएम हा थोड्या कलासाठीचा आकडा. कॅटामरानचा सावरणारा जोर एक हल पाण्याबाहेर येईपर्यंत वाढतो, पुढे घसरतो, आणि पूर्ण उलटली तर ती तशीच उलटी तरंगत राहते. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली ती ५६ फुटी 'म्हादेई' एका हलची, गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेली. तसल्या बोटीला खाली जड कील असते, त्यामुळे ती आडवी झाली तरी उठते. शिवाय ती वाऱ्यात कलून आधी इशारा देते; कॅटामरान देत नाही. म्हणून तिच्यावर शीड कधी कमी करायचं हे कल बघून नाही, वाऱ्याचा वेग बघून ठरवावं लागतं. तेव्हा जाहिरातीत टीव्ही आणि फ्रीजच्या आधी वाऱ्याचं मीटर शोधायचं, आणि उलट्या बोटीतून बाहेर पडायची झडप.

'सुसज्ज' या शब्दाचीही मला आता धास्ती वाटते. जनरेटर, समुद्राच्या पाण्याचं गोडं पाणी करणारं यंत्र, सोलर पॅनेल, जादा बॅटऱ्या, मागे टांगलेली छोटी बोट... वाचताना छान वाटतं. चाळीस फुटीचं पाण्यालगतचं क्षेत्रफळ २१-२२ चौरस मीटर धरलं तर २२० किलोला बोट एक सेंटिमीटर खाली जाते. दीड टन सामान म्हणजे सात सेंटिमीटर. कॅटामरानचे हल अरुंद असतात म्हणून ती पळते. ते जादा बुडाले की ती गंमत संपली, आणि दोन हलमधल्या डेकच्या पोटावर लाटा धडाधड आपटायला लागतात. त्यामुळे मी दादाला पहिला प्रश्न विचारला तो किमतीचा नव्हता. बोट काट्यावर कधी घातली होती, आणि रिकामी की भरलेली?

बाकी तपासणी आपल्याला अगदीच परकी नाही. शिरोलीच्या फाउंड्रीत कास्टिंग ठोकून आवाज ऐकतात ना, तसाच सर्व्हेअर प्लॅस्टिकच्या हातोडीने फायबरचं अंग ठोकत जातो. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर थर सुटलेत. आत बाल्सा लाकूड किंवा फोम असतो. डेकवर एखादा बोल्ट नीट सील न करता मारला असेल तर पाणी तिथून शिरून बाल्सा कुजवतं, वरून मात्र रंग चकाचक. म्हणजे जितकी जास्त उपकरणं नंतर बसवलेली, तितकी जास्त भोकं तपासायची. डोलकाठीला धरणाऱ्या तारा साधारण दहा वर्षांनी बदलतात, मग त्या वरून कितीही चमकू देत. इंजिनं दोन असतात. दोन्हींचे तास वेगवेगळे बघायचे आणि ऑइलचा नमुना लॅबला पाठवायचा. हलच्या तळातून पाण्यात उतरणारा ड्राइव्ह असेल तर त्याचं रबर सील शेवटचं कधी बदललं, ते बिलावरूनच बघायचं, तोंडी नको. आणि हे सगळं बोट पाण्याबाहेर काढून.

दादाने ही यादी मालकाच्या एजंटाला पाठवली. ऑइल रिपोर्ट लगेच आला. वजनाचं उत्तर अजून यायचंय, तोवर टोकनचे पैसे खात्यातच आहेत.