हर्णैला दोन रात्री: खोलीचं भाडं आणि ताटाचा हिशेब

समुद्रकाठच्या गावात कॉटेज घ्यायचं ठरलं की फोनवर आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो: एका रात्रीचे किती? माझ्या मते तो दुसरा प्रश्न असावा. पहिला हा विचारावा: जेवण तुमच्याच घरचं आहे का, आणि ताटाचे किती घेता? दापोली तालुक्यातल्या हर्णै, पाजपंढरी, मुरुड, आंजर्ले या किनाऱ्यावर बहुतेक कॉटेजं म्हणजे कुणाच्या तरी घरामागच्या वाडीत बांधलेल्या दोन-चार खोल्या. तिथे खोलीचं भाडं आवाक्यातलं असतं. बिल वाढतं ते ताटांवर.

हिशेब मांडून बघू. आजी-आजोबा, आई-बाबा आणि दोन मुलं असं सहा माणसांचं कुटुंब शुक्रवारी संध्याकाळी पोचतं आणि रविवारी जेवून निघतं. साधी, बिनएसीची खोली रात्रीला २,००० रुपये धरली, तर दोन खोल्यांचे दोन रात्रींचे ८,००० होतात. आता जेवणं चार. चौघांना माशाचं ताट सरासरी ४०० रुपयांचं, दोघांना शाकाहारी २२० चं. एका वेळचे २,०४०, चार वेळचे ८,१६०. दोन सकाळचा नाश्ता माणशी ८० प्रमाणे ९६०, आणि चहाचे ४८०. झाले ९,६०० रुपये. म्हणजे भाड्यापेक्षा १,६०० जास्त. पुण्याहून ताम्हिणीमार्गे हर्णै दोनशे किलोमीटरच्या आसपास. जाऊन-येऊन आणि तिथलं फिरणं धरून पेट्रोलचे साडेतीन हजार बाजूला ठेवावेत. सगळं मिळून २१,००० च्या घरात. हे दर मी हिशेबापुरते धरले आहेत. गाव, हंगाम आणि घर बदललं की ते बदलतील, पण भाडं आणि जेवण यांचं प्रमाण फारसं बदलत नाही.

एसी हवा असेल तर खोलीमागे रात्रीला सात-आठशे वाढतात. डिसेंबर-जानेवारीत तो खर्च मला अनाठायी वाटतो. एप्रिल-मेच्या दमट रात्री म्हातारी माणसं बरोबर असतील तर मात्र तिथे हात आखडू नये. समुद्र दिसणाऱ्या खोलीचा दर वेगळाच असतो. नारळी-पोफळीच्या वाडीतून पाच मिनिटं चालत गेलं की तोच समुद्र भेटतो, त्यामुळे आतल्या आळीतलं घर निवडण्यात काही गमावत नाही.

ताटाचा भाव घरमालकिणीच्या हातात नसतो, तो बंदरावर ठरतो. हर्णैचा लिलाव दुपार कलली की रंगात येतो. मोठ्या नौका पाण्यात नांगरलेल्या, माल छोट्या होड्यांतून आणि बैलगाड्यांतून वाळूवर येतो. पापलेट, सुरमई, हलवा, कोळंबी यांचे वेगवेगळे ढीग लागतात, भोवती व्यापाऱ्यांचं कडं पडतं, बोली चढते, आणि सौदा तुटला की त्याच क्षणी ढिगावर बर्फाचा चुरा पडून माल टेम्पोकडे निघतो. घरगुती गिऱ्हाइकाने त्या कड्यात शिरायचं नसतं. कडेला टोपल्या घेऊन बसलेल्या कोळणींकडून किलो-दोन किलो घ्यावं. थोडे पैसे दिले की त्या साफ करून, तुकडे पाडूनही देतात. वारा सुटला, नौका बाहेर गेल्या नाहीत, की सुरमई लगेच वर जाते. म्हणून ‘ताट मार्केटप्रमाणे’ असं उत्तर आलं तर त्यात लबाडी नाही. मात्र त्या दिवशीचा आकडा जेवायला बसण्यापूर्वी विचारून घ्यावा. मासे आपणच आणून दिले तर करणावळ किलोला किती, आणि भाकरी, भात, सोलकढी त्यात धरली आहे की वेगळी, हेही आधी बोलावं.

कोण काय खाणार हे आदल्या दिवशी सांगणं फार महत्त्वाचं. घरची बाई तेवढाच बाजार करते. ऐनवेळी ‘आम्ही बाहेरच जेवलो’ म्हणून सांगितलं तर आणलेली सुरमई तिच्या अंगावर पडते. असं ताट रद्द केलं तर पैसे मागण्याचा तिचा हक्क मला पूर्ण मान्य आहे.

वारही बघा. काही घरांत सोमवारी, गुरुवारी, चतुर्थीला मासे शिजत नाहीत. मुरुड-आंजर्ल्याच्या काही घरांत तर बारा महिने शाकाहारीच जेवण असतं. उकडीचे मोदक, आंबोळ्या, फणसाची भाजी यांसाठी मुद्दाम जावं अशी ती घरं, पण माशांच्या ओढीने निघालेल्यांची तिथे निराशा होईल. गणपतीत घर चाकरमान्यांनी भरलेलं असतं, खोली मिळाली तरी यजमानांना सवड नसते. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. पावसाळ्यात भाडं पुष्कळ उतरतं, हिरवाई डोळ्यांत मावत नाही, पण ताजी मोठी मासळी मिळेल या आशेवर जाऊ नये, आणि त्या दिवसांत समुद्रात पाय घालू नये. ख्रिसमसचा आठवडा, दिवाळीची सुटी आणि जोडून आलेले शनिवार-रविवार यांत दर दीडपट-दुपटीवर जातात. घासाघीस करायचीच असेल तर मंगळवार-बुधवारचं राहणं आणि तिसरी रात्र यांवर करा. ताटाच्या पन्नास रुपयांवर करू नका. तिथे कपात झाली की ती तुकड्याच्या आकारात आणि तेलात दिसते.

पाणी आणि वीज हे दोन प्रश्न लोक विसरतात. किनाऱ्यालगतच्या विहिरींना उन्हाळ्यात मचूळ पाणी येतं. ते अंघोळीला चालतं, प्यायला नाही. पिण्याच्या पाण्याचा जार घर देणार की बाटल्या आपण विकत घ्यायच्या, हे विचारावं. सहा माणसांना दोन दिवस बाटल्या घेतल्या तर तीन-चारशे सहज जातात. लाइट जाणं नवलाचं नाही, आणि साध्या इन्व्हर्टरवर पंखा-दिवा चालतो, एसी चालत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात या पट्ट्यातल्या वाड्याच्या वाड्या झोपल्या, कित्येक दिवस गावं अंधारात होती. माड-पोफळी नव्याने लावून उत्पन्नाला वर्षं लागतात. अशा घराला या खोल्यांचा आधार किती मोठा आहे, हे भाव करताना ध्यानात असू द्यावं.

करासंबंधी थोडं. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे, त्यापुढे १८. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या छोट्या यजमानाला नोंदणीची सक्ती नाही, आणि नोंदणी नसेल तर त्याला कर लावताही येत नाही. बिलावर कर दिसला तर जीएसटी क्रमांक मागा. ॲपवरून खोली घेतली तर कर ॲपच लावतं, शिवाय त्याचं कमिशन दरात मिसळलेलं असतं. थेट फोन केला तर हे वाचतं.

थेट फोनला एक धोका मात्र आहे. दुसऱ्याच कॉटेजचे फोटो लावून आगाऊ रक्कम उकळणारे पुष्कळ आहेत. पूर्ण पैसे आधी मागितले की तिथेच थांबावं. पाव ते निम्मी रक्कम रास्त. व्हिडिओ कॉलवर खोली, न्हाणीघर आणि अंगण दाखवायला सांगा. खरा यजमान आनंदाने दाखवतो. यूपीआयवर येणारं नाव आणि फोनवर बोलणारं नाव जुळतंय का पाहा. पर्यटन खात्याच्या निवास-न्याहारी योजनेत नोंद असेल तर प्रमाणपत्राचा फोटो मागायला संकोच नको. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० ला फोन करावा. सेवेबद्दलच्या तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५.

ठरलेलं सगळं व्हॉट्सॲपवर एकदा लिहून घ्या: खोल्या किती, माणसं किती, जादा गादीचे किती, मुलांचं अर्धं ताट मिळेल का, रद्द केलं तर किती परत, खोली सकाळी कधी सोडायची. बरोबर परदेशी पासपोर्टवाले नातेवाईक असतील तर तेही आधी सांगा, यजमानाला त्यांची सरकारी नोंद करावी लागते.

सुवर्णदुर्गाला जायचं असेल तर होडीचे वेगळे पैसे धरा. जुलै २०२५ मध्ये हा किल्ला मराठा लष्करी भूप्रदेशांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेला. माणसं भरली की होडी सुटते, मोजकीच माणसं असतील तर माणशी जास्त पडतात. भरती-ओहोटीची वेळ यजमानांना विचारूनच निघा, आणि लाइफ जॅकेट नसलेल्या होडीत मुलांना बसवू नका.

शेवटचं बिल आदल्या रात्रीच मागून ठेवा आणि थोडी रोकड जवळ असू द्या, रेंज गेली की यूपीआय अडतं. घरी मासे न्यायचे असतील तर थर्मोकोलची पेटी आणि बर्फ यांचे वेगळे पडतात. पेटी निघण्याच्या दिवशीच भरून घ्या, आणि डिकीत पाणी गळू नये म्हणून खाली जाड प्लास्टिक अंथरा.