मोटारगाडीच्या हवेची गाळणी : तिची निवड कशी करावी

मोटारगाडी काय खाते असें कोणा मुलास विचारलें, तर तो 'पेट्रोल' असें उत्तर देईल. हें उत्तर खोटें नाहीं. पण तें अर्धेंच आहे. पेट्रोल जळावयास हवा लागते, आणि ती थोडीथोडकी नव्हे. एक किलो पेट्रोल पुरतें जळण्यास सुमारें १४.७ किलो हवा लागते. एक लिटर पेट्रोलाचें वजन सुमारें पाऊण किलो. म्हणजे त्याच्या ज्वलनास अकरा किलोंच्या आसपास हवा पाहिजे. आपल्याभोंवतालची एक घनमीटर हवा सुमारें १.२ किलो भरते. ह्या हिशेबानें दर लिटरामागें नऊ घनमीटर, म्हणजे नऊ हजार लिटर, हवा इंजिन ओढून घेतें. एखादी गाडी वर्षांत १५,००० किलोमीटर चालली व लिटरास १५ किलोमीटर गेली, तर तिला १,००० लिटर पेट्रोल व ९,००० घनमीटर हवा लागली. दहा मीटर लांब, सहा मीटर रुंद व तीन मीटर उंच अशा पन्नास वर्गखोल्यांत मावेल एवढी ही हवा झाली.

ही सारी हवा स्वच्छ असती तर ह्या लेखाचें प्रयोजनच उरलें नसतें. परंतु चैत्र-वैशाखांत सोलापूर किंवा बीड जिल्ह्यांतील एखाद्या कच्च्या रस्त्यानें, पुढें चाललेल्या ट्रकच्या मागोमाग जो गेला आहे, त्यास आपण कसली हवा घेतों हें सांगावयास नको. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या चुऱ्यांत फेल्डस्पार नांवाचें खनिज असतें. नदीच्या वाळूंत व बांधकामाच्या धुळींत क्वार्ट्झ म्हणजे गारेचे कण असतात. फ्रीड्रिख मोस ह्या जर्मन खनिजशास्त्रज्ञानें १८१२ सालीं काठिण्याची जी एक ते दहा अशी श्रेणी बसविली, तींत फेल्डस्पार सहाव्या व क्वार्ट्झ सातव्या पायरीवर आहे. चाकूच्या पात्याचें पोलाद साडेपांचाच्या आसपास येतें. जो पदार्थ अधिक कठिण तो कमी कठिणास ओरखडतो, हा नियम आपण वर्गांत शिकलों आहों. तोच नियम इंजिनाच्या पोटांतही चालतो.

इंजिनांत सिलिंडर म्हणजे एक नळकांडें असतें, व त्यांत पिस्टन म्हणजे दट्ट्या मिनिटास हजारों वेळां खालींवर होत असतो. दट्ट्याच्या खांचांत रिंगा बसविलेल्या असतात. ह्या रिंगा व नळकांड्याची भिंत ह्यांच्यामध्यें तेलाचा अतिशय पातळ थर असतो. मिलिमीटराच्या हजाराव्या भागास मायक्रॉन म्हणतात. मनुष्याचा केंस सुमारें ७० मायक्रॉन जाड असतो, आणि हा तेलाचा थर कांहीं थोड्या मायक्रॉनांचा. ५ ते २० मायक्रॉनांचा धुळीचा कण, जो एकटा डोळ्यांस दिसतही नाहीं, तो तेवढ्याच जागेंत शिरून दोन्ही बाजूंस घासतो. तेलांत कालविलेली अशी धूळ कुरुंदाच्या लेपासारखें काम करते. भिंत झिजते, रिंगा सैल होतात, दाब कमी पडतो, तेल वर चढून जळूं लागतें, आणि मागच्या नळींतून निळसर धूर निघूं लागतो. तेव्हां कोठें मालकास दुखणें समजतें. पण तोंपर्यंत झीज होऊन गेलेली असते, आणि झिजलेलें धातु परत भरून येत नाहीं.

ह्या धुळीस अडविण्यासाठीं हवेच्या वाटेवर जी गाळणी बसवितात तिला कारखान्यांतील लोक 'एअर फिल्टर' म्हणतात. १९०८ पासून १९२७ पर्यंत निघालेल्या फोर्डच्या प्रसिद्ध 'मॉडेल टी' गाडीस कारखान्यांतून अशी गाळणी बसवून येत नसे. आज ज्वलनावर चालणाऱ्या प्रत्येक मोटारींत ती असते. विजेच्या घटमालेवर चालणाऱ्या गाड्यांत ज्वलनच नसल्यानें इंजिनाच्या हवेची गाळणी नसते. त्या गाड्यांत, व इतर अनेक गाड्यांतही, प्रवाशांच्या खोलींतील हवा गाळणारी एक निराळी गाळणी असते. दुकानांत गेल्यावर ह्या दोहोंची गल्लत होऊं देऊं नये.

आतां गाळणी धूळ कशी पकडते तें पाहूं. पुष्कळांची समजूत अशी असते कीं, गाळणी म्हणजे चाळणी. भोंकाहून मोठा कण अडकतो व लहान कण निसटतो. हें पूर्णपणें खरें नाहीं. गाळणीचा कागद म्हणजे राळेसारख्या द्रव्यानें कडक केलेल्या बारीक तंतूंचें दाट जाळें असतें. दाट आमराईंतून मुलांचा घोळका वेगानें धांवत आहे अशी कल्पना करा. हवा झाडांस वळसा घालून पुढें जाते. पण जड शरीराच्या मुलास वेगांत चटकन् वळतां येत नाहीं, आणि तो बुंध्यावर आदळतो. मोठे कण असे जडत्वानें पकडले जातात. कांहीं कण वाटेनें सरळ जात असतां केवळ अंगाच्या रुंदीमुळें तंतूस घांसून चिकटतात. अगदीं सूक्ष्म कण तर हवेच्या रेणूंच्या धक्क्यांनीं इकडेतिकडे भरकटत असतात. रॉबर्ट ब्राउन ह्यानें १८२७ सालीं पाण्यांतील सूक्ष्म कणांचें जें चांचल्य पाहिलें, तीच ही गति. आणि भरकटतां भरकटतां तेही एखाद्या तंतूस जाऊन लागतात. तंतूंवर कांहीं धूळ बसली म्हणजे ती धूळच पुढील धुळीस अडवूं लागते. म्हणून मध्यम मळलेली गाळणी नव्या गाळणीपेक्षां अधिक चोख गाळते; मात्र हवेस विरोधही अधिक करते.

ह्यावरून चांगल्या गाळणीच्या तीन कसोट्या निघतात. ती किती धूळ अडविते, ही पहिली. हवेस किती सहज जाऊं देते, ही दुसरी. आणि तुंबण्यापूर्वीं किती धूळ पोटांत सांठविते, ही तिसरी. ह्या तिन्ही गोष्टी ठरीव धूळ वापरून मोजण्याची आंतरराष्ट्रीय पद्धति आहे, तिला आय. एस. ओ. ५०११ असें म्हणतात. ज्या उत्पादकानें ह्या पद्धतीनें केलेल्या परीक्षेचे आंकडे दिले असतील, त्याच्या मालाची तुलना करतां येते. 'उत्तम', 'सर्वोत्कृष्ट', 'शक्तिवर्धक' असे नुसते शब्द छापलेले असतील, तर त्यांवरून कांहींच ठरत नाहीं.

हे आंकडे कसे वाचावे ह्याविषयीं विद्यार्थ्यांनीं विशेष लक्ष द्यावें. परीक्षेंत शंभरांपैकीं ९५ गुण मिळाले तर घरीं पेढे वांटतात, आणि ९५ व ९९ ह्यांत फारसें अंतर आहे असें कोणी मानीत नाहीं. गाळणीचें तसें नाहीं. तेथें काय अडलें हें न पाहतां काय निसटलें हें पाहावें. समजा, वर्षभरांत १०० ग्रॅम धूळ गाळणीपाशीं आली. शेंकडा ९९ अडविणारी गाळणी १ ग्रॅम आंत सोडते. शेंकडा ९८ अडविणारी २ ग्रॅम सोडते. आणि शेंकडा ९५ अडविणारी ५ ग्रॅम. म्हणजे ९९ व ९८ ह्यांत फरक एकाचा दिसतो, पण आंत जाणारी धूळ दुप्पट होते. ९९ व ९५ ह्यांत ती पांचपट होते.

गाळण्यांचे मुख्य प्रकार चार. चुण्या पाडलेल्या कागदाची गाळणी सर्वांत अधिक प्रचारांत आहे, आणि सामान्य मोटारीस तीच योग्य. दुसरी तेलाच्या भांड्याची. जुन्या जीपगाड्यांत ती असे, व ट्रॅक्टरांत आजही आढळते. तींत हवा तेलावर आपटून एकदम वळते, आणि धूळ जडत्वानें तेलांत पडते. तिसरी स्पंजासारख्या फोमाची. चौथी तेल लावलेल्या सुती जाळीची. ती धुवून पुनःपुन्हां वापरतां येते, आणि तिच्यानें गाडीची शक्ति वाढते अशी जाहिरात असते. परंतु रोजच्या चालीत इंजिनाची हवा थ्रॉटलच्या झडपेनें मुळांतच आवरून धरलेली असते. तेव्हां गाळणी थोडी अधिक मोकळी केल्यानें साध्या गाडीस लाभ तो काय? उलट जी गाळणी हवेस अधिक मोकळी, तींतून धूळही अधिक जाण्याचा संभव असतो. शिवाय तेल जास्त लागलें तर तें उडून हवा मोजणाऱ्या नाजूक सेन्सरावर बसतें व त्याचें मापन बिघडवितें.

दुकानांत नवी गाळणी घेतांना पुढील गोष्टी पाहाव्या. प्रथम, गाडीच्या माहितीपुस्तिकेंतील किंवा जुन्या गाळणीवरील क्रमांक लिहून न्यावा. एकाच नांवाच्या गाडीच्या पेट्रोल व डीझेल अशा दोन जातींच्या गाळण्या वेगळ्या असूं शकतात. शक्य तर जुनी गाळणी बरोबर न्यावी व लांबी, रुंदी, उंची ताडून पाहावी. दुसरें, वेष्टनावर उत्पादकाचें नांव व पत्ता, उत्पादनाचा महिना व वर्ष, आणि किंमत स्पष्ट छापलेली असावी. नामांकित मालाचे हुबेहूब नकली डबे बाजारांत येतात, म्हणून माहितीच्या दुकानांतून घ्यावें व पावती मागावी. तिसरें, चुण्या मोजाव्या. समजा मूळ गाळणीस ६० चुण्या आहेत व स्वस्त गाळणीस ४०. प्रत्येक चुणी २० सेंटिमीटर लांब व ४ सेंटिमीटर खोल असेल, तर तिच्या दोन बाजू मिळून १६० चौरस सेंटिमीटर कागद होतो. पहिलींत ९,६०० व दुसरींत ६,४०० चौरस सेंटिमीटर कागद आला. म्हणजे एकतृतीयांश कागद कमी, आणि ती तितकी लवकर तुंबणार. चुण्या सारख्या अंतरावर व ताठ असाव्या. एकमेकींस चिकटलेल्या चुणींतून हवा जात नाहीं. चौथें, गाळणीच्या कांठाची मऊ पट्टी बोटानें दाबून पाहावी. ती सर्वत्र सारखी, कोठेंही न तुटलेली, आणि दाबतांच पूर्ववत् होणारी असावी. कागद कितीही उत्तम असला, तरी कांठाशीं केंसाएवढी फट राहिल्यास हवा त्या मोकळ्या वाटेनें न गाळतां आंत जाईल. शेवटीं, मागें विजेरी धरून पाहावें. उजेड सर्वत्र मंद व सारखा दिसावा, टांचणीच्या टोंकासारखा ठिपका कोठेंही चमकूं नये. कागदाच्या रंगावरून गुण ठरत नाहीं.

चांगली गाळणी वाईट रीतीनें बसविली तर पैसे वायां जातात. इंजिन बंद व थंड असावें. पेटीच्या चापा काढून जुनी गाळणी हळूच उचलावी. पेटींतील कचरा ओल्या फडक्यानें पुसावा, फुंकूं नये. इंजिनाकडे जाणाऱ्या नळीच्या आंतून बोट फिरवावें. तेथें धूळ लागली, तर जुनी गाळणी कोठून तरी गळत होती असें समजावें. सर्व चापा पुरत्या बसल्याची खात्री करून मगच झांकण पुरें झालें म्हणावें.

कागदाची गाळणी पाण्यानें धुऊं नये, आणि दाबाच्या हवेनें झोडपूं नये; त्यानें तंतू फांकतात, आणि वरून स्वच्छ दिसणारी गाळणी आंतून फाटलेली असते. वारंवार उगीच बदलणेंही शहाणपणाचें नाहीं; कारण नवी गाळणी आरंभीं सर्वांत कमी चोख असते, आणि पेटी जितक्यांदां उघडावी तितक्यांदां धूळ आंत पडण्याची भीति. माहितीपुस्तिकेंत सांगितलेलें अंतर पाळावें, व धुळीच्या रस्त्यांसाठीं निराळें, कमी अंतर दिलें असल्यास तेंच आपलें मानावें.

मळलेल्या गाळणीमुळें पेट्रोल फार जळतें असें पुष्कळ ठिकाणीं ऐकूं येतें. जुन्या कार्बुरेटरच्या गाड्यांविषयीं त्यांत तथ्य होतें. परंतु अमेरिकेंतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेनें २००९ सालीं केलेल्या परीक्षेंत असें दिसून आलें कीं, हल्लींच्या इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत गाळणी तुंबल्यानें पेट्रोलाचा खप लक्षांत येण्याजोगा वाढत नाहीं. कारण जितकी हवा येते तितकेंच पेट्रोल गाडीचा संगणक सोडतो. वेग घेण्याची शक्ति मात्र कमी होते. तेव्हां पेट्रोल वाचेल ह्या आशेनें गाळणी घेऊं नये; इंजिन वांचेल ह्या हेतूनें घ्यावी.

ह्या विषयाचें महत्त्व ज्यांच्या घरीं गाडी ही चैनीची वस्तु नसून भाकरीचें साधन आहे, त्यांस अधिक कळेल. एखादा गृहस्थ कर्ज काढून घेतलेली भाड्याची गाडी खेडोपाडीं चालवितो. तिच्या मिळकतींतून हप्ता, घरखर्च व मुलांची फी निघते. तो शंभर-दोनशें रुपये वांचविण्यासाठीं सैल कांठाची गाळणी घेतो. त्या दिवशीं गाडी पूर्वीसारखीच चालते. दुसऱ्या महिन्यांतही चालते. आणि आपण पैसे वांचविले असें त्यास वाटतें. पुढें जेव्हां इंजिन उघडावें लागतें, तेव्हां हजारों रुपयांचें बिल येतें, गाडी कित्येक दिवस उभी राहते, आणि हप्ता मात्र थांबत नाहीं. त्या बिलावर गाळणीचें नांव कोठेंच नसतें, म्हणून पुढच्या वेळींही तीच स्वस्त गाळणी घेतली जाते.

विद्यार्थिमित्रहो, सुट्टींत घरीं गेल्यावर आपल्या किंवा शेजाऱ्यांच्या गाडीची माहितीपुस्तिका मागून घ्या. गाळणी किती किलोमीटरांनीं बदलावी ह्याविषयींचा आंकडा शोधा. धुळीच्या रस्त्यांसाठीं वेगळा आंकडा असल्यास तोही काढा, आणि गाळणीच्या क्रमांकासह वडिलांस एका कागदावर लिहून द्या. मग गाळणी बदलतांना त्यांच्याजवळ उभे राहून कांठाची पट्टी स्वतः दाबून पाहा.