वरण, आईचे दूध आणि एक जनुक

परतूरच्या घरातील तुरीचे वरण असो वा तान्ह्या बाळाचे आईचे दूध, त्यांतील प्रथिनांतून शरीरास ल्युसिन, आयसोल्युसिन व व्हॅलिन ही अमिनो आम्ले लाभतात. वाढीसाठी ती हवीतच. परंतु उरलेला भाग पेशीतील तंतुकणिकांत जाळला जावा लागतो. हे काम करणाऱ्या विकरसंकुलावर फॉस्फेट बसले की ते थंडावते. फॉस्फेट उतरवून ते पुन्हा सुरू करणारे विकर निराळे. पाटाचे दार एकाने लावावे, दुसऱ्याने उघडावे, तसा हा प्रकार. या दार उघडणाऱ्याचा आराखडा चौथ्या गुणसूत्रावरील 'पीपीएम१के' या जनुकात असतो.

या जनुकाच्या दोषाने एका रुग्णास झालेला सौम्य विकार २०१३ मध्ये नोंदला गेला. तीव्र विकार मात्र बहुधा संकुलाच्याच जनुकांतील दोषाने होतो. त्याचे पहिले वर्णन १९५४ चे. बाळ पहिल्याच आठवड्यात दूध ओढेनासे होते, सुस्त पडते, लघवीला जळक्या साखरेचा वास येतो. दृष्ट काढण्यात गेलेले दोन दिवसही मेंदूस महाग पडतात.

दोष आई व वडील दोघांकडून आला, तरच विकार होतो. दोघेही दोषाचे वाहक असल्यास असे मूल होण्याची शक्यता प्रत्येक खेपेस चारांत एक. मामे-आते भावंडांच्या विवाहात हा धोका वाढतो, हे शिक्षकांनी संकोच न करता सांगावे. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मीळ रोग धोरणात हा विकार समाविष्ट असून मुंबईचे केईएम रुग्णालय त्यातील एक उत्कृष्टता केंद्र आहे.