अळीच्या छायाचित्रासाठी कॅमेऱ्याला जोडभिंग

मक्याच्या पोंग्यात अळी दिसताच फवारणीची घाई करू नका. आधी ओळख पटवा. भारतात २०१८ मध्ये आलेल्या अमेरिकन लष्करी अळीच्या डोक्यावर उलटा इंग्रजी 'वाय' व शेपटीकडे चौकोनात चार काळे ठिपके असतात. छायाचित्रात हे स्पष्ट आले, तरच तज्ज्ञांना दुरून सल्ला देता येतो.

लहान डिजिटल कॅमेऱ्याला त्याच्याच मापाची जोडनळी लावून तीवर अधिक ४ शक्तीचे क्लोज-अप भिंग बसवावे. सरकत्या लेन्सवर भिंग थेट चिकटवू नये, मोटरवर ताण येतो. झूम वाढवून भिंग अळीपासून सुमारे २५ सें.मी.वर धरावे आणि कॅमेराच किंचित पुढेमागे करावा. फ्लॅश बंदच बरा, नळीची सावली पडते. सावलीत, पांढऱ्या कागदावर अळी ठेवून शेजारी मोजपट्टी ठेवावी.