शिल्पातील वृक्ष कसा ओळखावा?

लेण्यांमध्ये कोरलेला वृक्ष दिसला की आपण लगेच "हा बोधिवृक्ष, म्हणजे पिंपळ" असे म्हणून पुढे जातो. वंदन करणे योग्यच आहे. परंतु बोधिवृक्ष म्हणजे पिंपळच, ही समजूत अपुरी आहे. ज्या वृक्षाखाली ज्या बुद्धास बोधी प्राप्त झाली, तो त्या बुद्धाचा बोधिवृक्ष होय. दीघनिकायातील महापदानसुत्तात सात बुद्धांचे सात वृक्ष सांगितलेले आहेत. विद्यार्थी मित्रांनी ते पाठच करावेत :

१) विपस्सी – पाटली (पाडळ)
२) सिखी – पुंडरीक (हा पांढरा आंबा, असे परंपरा सांगते)
३) वेस्सभू – साल
४) ककुसंध – शिरीष
५) कोणागमन – उदुंबर (उंबर)
६) कस्सप – न्यग्रोध (वड)
७) गोतम – अश्वत्थ (पिंपळ)

या यादीचे महत्त्व शिल्प पाहताना कळते. प्रारंभीच्या बौद्ध शिल्पात बुद्धाची मूर्ती कोरीत नसत. आसन, पाऊलखुणा, धम्मचक्र, स्तूप किंवा वृक्ष यांवरूनच बुद्ध सूचित केला जाई. मध्य प्रदेशातील भारहुत येथील स्तूपाचे अवशेष अलेक्झांडर कनिंगहॅम यांना १८७३ साली आढळले. त्याचा दगडी कठडा आज कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. हे शिल्प इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातील मानतात. त्यावर या बुद्धांचे बोधिवृक्ष कोरलेले असून शेजारी ब्राह्मी लिपीत बुद्धांची नावे आहेत. वेस्सभूच्या फलकावर तर 'सालो' असे झाडाचे नावही आहे. सिखी बुद्धाचा फलक मात्र सापडलेला नाही. प्रत्येक फलकात आसन आणि वंदन करणारे उपासक जवळपास सारखेच आहेत. वेगळे आहे ते पान. आपण उंबराला पिंपळ म्हटले, तर कोणागमन बुद्धाचा फलक गोतम बुद्धाच्या नावावर जमा होतो! हे पूर्वबुद्ध केवळ ग्रंथातच राहिले होते असेही नाही. कोणागमन बुद्धाचा स्तूप सम्राट अशोकाने वाढवून दुप्पट केला, असे नेपाळमधील निगाली सागर येथील स्तंभलेख सांगतो.

आता ओळखण्याची रीत पाहू. बँकेत सही तपासताना आम्ही सबंध सहीवर नजर फिरवून थांबत नाही, नमुन्याच्या सहीशी एकेक वळण जुळवतो. येथेही तसेच करावे.

प्रथम वृक्षाभोवती कठडा, खाली आसन, वर छत्र किंवा फांद्यांना हार आहेत काय ते पाहावे. असल्यास तो पूजनीय वृक्ष समजावा. मळवलीजवळील भाजे येथील विहारात, हत्तीवरील स्वाराच्या प्रसिद्ध शिल्पात, असा कठड्यातील वृक्ष पाहावयास मिळतो. मात्र कठडा आहे म्हणून तो पिंपळ, असे ठरत नाही.

दुसरी पायरी पानाची. पिंपळाचे पान हृदयाच्या आकाराचे, टोकाला लांब शेपटी असलेले. वडाचे पान रुंद, लंबगोल व बोथट टोकाचे. आंब्याची पाने लांबट, फांदीच्या शेंड्याला झुबक्याने येणारी. शिरीषाच्या एका देठावर बारीक पर्णिकांच्या जोडओळी असतात.

तिसरी पायरी फळ, फूल व मुळांची. पारंब्या दिसल्या तर वड. खोडालाच फळांचे घोस लगडलेले असतील तर उंबर. पाडळीची फुले घंटेसारखी असतात. केवळ खोडावरून वा उंचीवरून निर्णय देऊ नये, कारण शिल्पकार जागेच्या मानाने झाड लहान व पाने मोठी कोरतो.

चौथी पायरी लेखाची व प्रसंगाची. कुसिनारा येथे दोन सालवृक्षांमध्ये तथागतांचे महापरिनिर्वाण झाले. अजिंठ्याच्या लेणे क्र. २६ मधील सुमारे ७ मीटर लांबीच्या महापरिनिर्वाण शिल्पातील झाडे म्हणूनच साल समजली जातात. जेथे पाने झिजली आहेत, तेथे प्रसंगच साक्ष देतो.

आपल्या खंडाळा तालुक्यातील शिरवळची लेणी साधी आहेत. वृक्षशिल्पांसाठी दूर जावे लागेल. वेरूळच्या लेणे क्र. १२ मध्ये (तीन ताल) वरच्या मजल्यावर दोन्ही बाजूंस सात-सात बुद्ध बसलेले आहेत. एका रांगेवर छत्रे आहेत, तर दुसऱ्या रांगेवर वृक्ष. अजिंठ्याच्या लेणे क्र. २२ मध्ये सात बुद्ध व मैत्रेय आपापल्या वृक्षाखाली रंगविलेले असून त्यांची नावेही लिहिलेली आहेत. ही दोन ठिकाणे म्हणजे आपल्या अभ्यासाची उत्तरपत्रिकाच होय.

पूर्वतयारी मात्र घरीच करता येते. वड, पिंपळ, उंबर, आंबा, शिरीष ही झाडे आपल्या परिसरातील आहेत. सांगली जिल्ह्यात तर औदुंबर नावाचे गावच आहे. साल मात्र आपल्या रानात आढळत नाही, त्याचे चित्र मिळवावे. विद्यार्थ्यांनी गळून पडलेले एकेक पान वहीत दाबून वाळवावे, खाली झाडाचे व बुद्धाचे नाव लिहावे आणि सहलीला जाताना ती वही बरोबर न्यावी. आपले वडील-आजोबा शेताच्या बांधावरचे झाड लांबूनच ओळखतात, त्यांनाही पानाची खूण विचारावी. पुस्तकी ज्ञानाला तेथे जोड मिळते.

लेण्यात गेल्यावर शिल्पाला खडू लावू नये, पाणी शिंपडू नये. चारही पायऱ्या करूनही खात्री पटली नाही, तर वहीत "वृक्ष ओळखता आला नाही" असे स्पष्ट लिहावे. चुकीचे नाव लिहिण्यापेक्षा ते कधीही बरे, कारण आपल्या वहीवरून उद्या दुसरा कोणी शिकणार आहे.