सगळ्यांचीच निवड होते तेव्हा

फेब्रुवारी उजाडला की पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काव्यलेखन स्पर्धांच्या जाहिराती सुरू होतात. २७ तारखेला कुसुमाग्रजांची जयंती, मराठी भाषा गौरव दिन. त्या निमित्ताने मुलांनी लिहावं असं मराठीची शिक्षिका म्हणून मला मनापासून वाटतं. म्हणूनच एका ‘राज्यस्तरीय’ स्पर्धेचा अनुभव सांगते.

माझ्या नववीच्या वर्गातून कविता पाठवणाऱ्या सगळ्यांचीच ‘निवड’ झाली. एकाची कविता पाठवताना अर्धीच गेली होती. तीही ‘उत्कृष्ट’ ठरली. मागोमाग प्रातिनिधिक संग्रहाच्या प्रती विकत घेण्याची अट आली. पालकांनी हौसेनं पैसे भरले. संग्रह आला, तर एका मुलीच्या पावसावरच्या कवितेच्या ओळी गद्यासारख्या सलग छापलेल्या, आणि पान संपलं म्हणून शेवटचं कडवंच गायब. ती म्हणाली, “बाई, ही कुणी वाचलीच नाही का?”

खरंच, वाचली नव्हती. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात विशीही न गाठलेल्या त्र्यंबक ठोंबरेंनी कविता म्हटली आणि अध्यक्ष कीर्तिकरांनी त्यांना ‘बालकवी’ म्हटलं, ते ती ऐकून. मुलांना असा ऐकणारा हवा असतो. तेव्हा परीक्षक कोण ते आधी विचारा, गेल्या वर्षीच्या बक्षीसपात्र कविता वाचायला मागा. दोन्ही मिळेना, तर तिथे कविता पाठवू नका. माफक प्रवेशशुल्काला माझी हरकत नाही, सभागृह आणि बक्षिसांना खर्च येतोच. निवड झाल्यावर मागितले जाणारे पैसे मात्र देऊ नका. ‘आयएसबीएनसह संग्रह’ या शब्दांनीही भुलू नका. तो क्रमांक भारतात प्रकाशकांना विनाशुल्क मिळतो. त्यावरून पुस्तक ओळखता येतं, त्याचा दर्जा नाही.

अर्जातली बारीक अक्षरं पालकांनी स्वतः वाचावीत. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार कवितेवरचा पहिला हक्क लिहिणाऱ्याचा, मग तो नववीत का असेना. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी, सहीनिशी द्यावा लागतो. ‘सर्व हक्क आयोजकांकडे’ असं छापलेलं असेल तर सही करू नका. ‘या संग्रहात एकदा छापण्यास परवानगी’ एवढंच लिहून द्या. छापण्याआधी मुद्रित तपासायला मागा, आणि कवितेची मूळ प्रत तारीख घालून घरी ठेवा.